मागावर उभं राहून मोजलेलं बीपी

यंत्रमागावर आयुष्य गेलेल्या माणसाला कमी ऐकू येतं, हे सांगली जिल्ह्यातल्या आमच्या विट्यात कुणाला नव्यानं सांगावं लागत नाही. आमच्या भागातली बरीच घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यावर परराज्यांत गेली, आणि जी इथं राहिली त्यांतल्या पुष्कळांनी माग घातले. आम्ही मागवाले. टीव्ही मोठ्यानं लावायचा, फोनवर ओरडून बोलायचं, पंगतीत शेजारच्याचं बोलणं कळलं नाही तरी मान हलवायची, हे सगळं धंद्याबरोबर येतं असंच धरून चालतात. पण तो आवाज कानापाशी थांबत नाही, रक्तवाहिन्यांपर्यंत आणि हृदयापर्यंत पोचतो, हे माझ्या स्वतःच्या तपासण्या होईपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या तपासण्या कशा झाल्या, त्यांतून काय निघालं आणि नंतर शेडमध्ये आम्ही काय बदललं, ते सविस्तर लिहितोय. आमच्यासारख्या शेड गल्लोगल्ली आहेत आणि तिथं आवाजही कुणी मोजत नाही, कामगाराचं बीपीही नाही.

आमची शेड घराच्या पाठीमागं, घराला लागूनच आहे. साधे धोट्याचे माग, अण्णांनी म्हणजे वडिलांनी एकेक करून घेतलेले. दिवसपाळीला मी आणि आमचे जुने वीणकर काका, रात्रपाळीला दुसरे दोघं. पाळी 12 तासांची. ज्यांनी असा माग चालताना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाकडी धोटा ताण्याच्या, म्हणजे उभ्या दोऱ्यांमधून या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा. प्रत्येक फेकीला पिकरचा, म्हणजे धोट्याला ढकलणाऱ्या ठोकळ्याचा दणका बसतो आणि पलीकडच्या पेटीत धोटा आदळून थांबतो. हे एका मागाचं. तसे माग ओळीनं चालू, वर पत्रा, चारी बाजूंना सिमेंटच्या उघड्या भिंती. आवाजाला बाहेर जायला वाट नाही. शेडमध्ये आम्ही तोंडानं बोलतच नाही. कांड्या (धोट्यात बसणाऱ्या सुताच्या गुंडाळ्या) संपल्या, बीम (ताण्याचा रूळ) उतरवायचा, लाइट जाणार, सगळं हातवाऱ्यांवर चालतं. नवीन माणूस पहिल्या आठवड्यात ओरडून घसा बसवून घेतो, मग तोही हात हलवायला शिकतो.

माझं बीपी पहिल्यांदा जास्त निघालं ते गणपतीतल्या रक्तदान शिबिरात. मी पाळी चालू असताना माग काकांवर सोपवून गेलो होतो. तिथल्या डॉक्टरांनी बीपी घेतलं तर 152/98. वरचा आकडा 140 च्या आणि खालचा 90 च्या आत असल्याशिवाय रक्त घेता येत नाही, असं सांगून त्यांनी मला परत पाठवलं. सुट्टीच्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेलो तर 126/82. सगळं ठीक. पुतण्यानं घरी डिजिटल मशीन आणलं, तर त्याच्यावरही तोच खेळ. शेडमधून येऊन बसल्या बसल्या घेतलं की 150 च्या आसपास, सुट्टीच्या सकाळी चहाआधी घेतलं की 124/80. घरात सगळ्यांचं एकमत झालं की मशीनच बिघडलंय. मशीन दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून पाहिलं. मशीन बरोबर होतं. मग त्यांनीच मिरजेच्या एका फिजिशियनना चिठ्ठी लिहून दिली.

मिरजेच्या डॉक्टरांनी आधी बीपी घेतलं नाही, बराच वेळ नुसतं विचारत होते. तंबाखू किती, जेवणात वरून मीठ घेता का, लोणचं-खर्डा रोज असतो का, घोरता का, वडिलांना बीपी आहे का. आणि मग तो प्रश्न विचारला, जो तोवर कुणी विचारला नव्हता. "बीपी जास्त येतं तेव्हा तुम्ही कुठनं आलेले असता?" मी म्हटलं, मागावरनं. "आणि कमी येतं तेव्हा?" मी म्हटलं, सुट्टीला. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मग मागावर असतानाच मोजायला पाहिजे."

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. काही लोकांचं बीपी फक्त डॉक्टरांसमोर वाढतं आणि घरी नॉर्मल असतं. काहींचं बरोबर उलटं होतं. दवाखान्यात नॉर्मल, पण रोजच्या कामात, रोजच्या जागी जास्त. हा दुसरा प्रकार लपून राहतो, कारण माणूस दवाखान्यात जातो तो आंघोळ करून, सुट्टी काढून, शांत बाकावर बसून. डॉक्टर नॉर्मल म्हणून सोडून देतात आणि शरीरावरचा भार मात्र वर्षानुवर्षं चालू राहतो. अशा माणसाला हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका कायम बीपी असलेल्याच्या जवळपास जाणारा असतो. त्यासाठी 24 तास बीपी मोजणारं यंत्र लावायचं ठरलं. एक सूचना त्यांनी दोनदा दिली. त्या दिवशी रजा घ्यायची नाही, नेहमीसारखी पाळी करायची.

यंत्र साधंच असतं. डाव्या दंडावर पट्टा, त्यातून निघालेली नळी मानेमागून फिरवून कमरेच्या डबीत. दिवसा दर 20 मिनिटांनी आणि रात्री दर तासाला पट्टा आपोआप फुगतो. फुगला की हात खाली सोडून स्थिर ठेवायचा, बोलायचं नाही. एका कागदावर वेळ आणि त्या वेळी काय करत होतो ते लिहायचं. यंत्र काढेपर्यंत आंघोळ नाही. मी तंत्रज्ञ बाईंना विचारलं, की आमच्या आवाजात हे चालेल का? त्या म्हणाल्या, हे यंत्र कानानं ऐकून मोजत नाही. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकतात, इथं पट्ट्यातल्या हवेची थरथर मोजली जाते. त्यामुळं आवाजानं फरक पडत नाही, हात हलला तर मात्र आकडा येत नाही.

दुसऱ्या दिवशी पाळीवर उभा राहिलो तेव्हा त्यांच्या शेवटच्या वाक्याचा अर्थ कळला. फुगण्याआधी यंत्र टूं वाजतं म्हणे. शेडमध्ये ते ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, दंड आवळायला लागला की कळायचं. आवळलं की दोन मागांच्या मधल्या पट्टीत सरकायचं, हात मांडीशी सोडायचा आणि उभं राहायचं. नेमका त्याच वेळी समोरच्या मागावर ताण्याचा दोरा तुटलेला दिसायचा, आणि वीणकराचा हात न विचारता पुढं जातो. गेला की वाचन फसलं, दोन-तीन मिनिटांनी पट्टा पुन्हा आवळायचा, आणि दुसऱ्या वेळी जरा जास्तच जोरात. दुपारपर्यंत काकांनी खूण केली, की दंड आवळला की मला हात दाखव, तुझे माग मी बघतो. तेव्हापासून वाचनं नीट यायला लागली. दुपारचं जेवण नेहमीप्रमाणं ओट्यावर केलं. रात्री यंत्र लावूनच झोपलो. आमच्या झोपायच्या खोलीची आणि शेडची भिंत तेव्हा एकच होती आणि पलीकडं रात्रपाळी चालू होती.

अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनी तो माझ्या कागदाशेजारी ठेवला आणि आकड्यांवर पेन्सिलीनं खुणा करत गेले. शेडमधल्या तासांची सरासरी 149/97. ओट्यावर जेवत होतो त्या वेळची वाचनं 136/86. म्हणजे तेवढ्या वेळात खाली आलं होतं, आणि परत आत गेल्यावर दुसऱ्याच वाचनाला वर. पाळी सुटल्यावर लगेच उतरलं नव्हतं, सावकाश उतरत रात्रीचं जेवण झाल्यावर कुठं जरा खाली आलं. दिवसाची सरासरी 135/85 च्या आत पाहिजे. झोपेतली 120/70 च्या आत पाहिजे, माझी 134/84 होती. झोपेत बीपी दिवसापेक्षा निदान दहा टक्के उतरायला हवं, माझं तेवढंही उतरत नव्हतं. डॉक्टरांनी बोट रात्रीच्या ओळीवर ठेवून विचारलं, "झोपता कुठं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही पाळी संपवून परत शेडमध्येच झोपायला जाता."

आता आवाजाचा आणि हृदयाचा संबंध कसा लागतो. मी त्यांना म्हटलं होतं, की मला त्या आवाजाची सवय आहे, लहानपणापासून त्यातच वाढलोय, मला त्रास होत नाही. त्यांचं उत्तर मी विसरणार नाही. ते म्हणाले, सवय तुमच्या मनाला झाली, रक्तवाहिन्यांना नाही. मोठा आवाज मेंदूतल्या धोका ओळखणाऱ्या भागाला जागं करतो. माणूस झोपेत असला तरी हे घडतं. तिथून शरीराची पळा-किंवा-लढा ही यंत्रणा सुरू होते. अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरतात, कॉर्टिसोल वाढतं, नाडी जलद होते, बारीक रक्तवाहिन्या आवळतात. एखादा फटाका वाजला आणि संपला, तर हे सगळं थोड्या वेळात पूर्वपदावर येतं. बारा-बारा तास, वर्षानुवर्षं तेच चाललं तर रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराची लवचीकता जाते, त्या सैल पडायचं विसरतात आणि चरबीचे थर साचायला वाव मिळतो. बारीक वाहिन्या आवळलेल्या राहिल्या की खालचा आकडा वाढतो. माझा खालचाच जास्त वाढलेला होता.

त्यावर परदेशात कामगारांचे अभ्यास झालेत. त्यांतले काही डॉक्टरांनी सांगितले, बाकीचे मी पुतण्याकडून शोधून वाचून घेतले. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात लाकूड कापायच्या 14 गिरण्यांमधल्या 27 हजारांहून जास्त कामगारांच्या नोंदी तपासल्या. त्यावरचा लेख 2005 साली आला, आणि जास्त आवाजात जास्त वर्षं काम केलेल्यांत हृदयविकाराच्या झटक्यानं होणारे मृत्यू जास्त आढळले. 2011 साली अमेरिकेतला एक अभ्यास आला, 6,307 लोकांचा. ज्यांच्या कामाच्या जागी दीर्घकाळ मोठा आवाज होता त्यांच्यात छातीत कळ येणं, हृदयाच्या धमन्यांचे आजार आणि फक्त खालचंच बीपी वाढणं, हे दोन ते तीन पट आढळलं. पन्नाशीच्या आतल्या पुरुषांत आणि धूम्रपान करणाऱ्यांत हा संबंध जास्त ठळक होता. माझं वय त्याच गटातलं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून 2021 साली सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा मात्र 85 डेसिबल आणि त्यावरचा आवाज व हृदयविकार यांच्या संबंधाचा पुरावा त्यांनी मर्यादित ठरवला. हे इथं सांगितलंच पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मागावर उभा राहिला तो झटक्यानं गेलाच. माझ्या डॉक्टरांनीही सगळं खापर आवाजावर फोडलं नाही. पत्र्याखालचा उकाडा, बारा तास उभं राहणं, रात्रपाळ्यांनी मोडलेली झोप, मीठ, मळलेली तंबाखू, सूत महागलं की लागणारी काळजी, सगळ्यांचा वाटा त्यांनी मोजला. पण त्यांच्या मते आवाज ही त्यातली सगळ्यात कमी विचारली जाणारी गोष्ट आहे.

ईसीजी, टू-डी एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लघवी, किडनीच्या आणि साखरेच्या तपासण्या चांगल्या आल्या. हृदयाची भिंत जाड झालेली नव्हती. म्हणून त्यांनी लगेच गोळी न देता काही महिने दिले. त्या महिन्यांत तंबाखू बंद, वरचं मीठ बंद, आणि आवाजाचं काहीतरी करायचं. त्याआधी कानही तपासून घ्या म्हणाले.

कानाच्या तपासणीला आदल्या संध्याकाळपासून शेडमध्ये पाऊल टाकू देत नाहीत. आवाजातून आल्या आल्या कान तात्पुरता बधिर असतो आणि आलेख चुकतो, म्हणून निदान 14 तास शांत राहून जायचं. काचेच्या छोट्या खोलीत बसवून हेडफोन लावतात आणि बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. माझा आलेख जाड आवाजांना बरा होता आणि 4000 हर्ट्झला येऊन दोन्ही कानांत खड्ड्यात गेल्यासारखा खाली गेलेला होता. आवाजानं गेलेल्या कानाची ही ओळखीची खूण आहे. मिरजेच्या डॉक्टरांना त्या आलेखात नुसत्या कानापुरता रस नव्हता. दोन्ही कानांत अशी घट असणं म्हणजे माणसानं किती वर्षं किती आवाज अंगावर घेतला, याचा पुरावाच असतो, आणि अमेरिकेतल्याच 2016 च्या एका अभ्यासात अशी घट असलेल्यांत हृदयाच्या धमन्यांचे आजार जास्त आढळले होते.

मग आवाज मोजला. सांगलीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारा पुतण्याचा मित्र तिथलं मीटर घेऊन आला. दोन मागांच्या मध्ये, माझ्या कानाच्या उंचीला, 98 डेसिबल. कोपऱ्यात बायको कांड्या भरते त्या जागी 95. आमच्या झोपायच्या खोलीत, दार लावून, रात्री 61. निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे.

डेसिबलचा हिशोब नेहमीच्या बेरजेसारखा नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दुप्पट होते. आपल्याकडच्या कारखाना नियमांत 8 तासांसाठी 90 डेसिबल ही मर्यादा आहे आणि दर 5 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 95 ला 4 तास, 100 ला 2 तास. त्या हिशोबानं 98 डेसिबलमध्ये उघड्या कानानं जेमतेम अडीच तासांच्या वर उभं राहता येतं. अमेरिकेतली कामगार-आरोग्याची संशोधन संस्था 8 तासांना 85 डेसिबल धरते आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा करते. तो हिशोब लावला तर 98 ला सुमारे 24 मिनिटं. आम्ही 12 तास उभे. मित्रानं वहीवर हे मांडून दाखवलं तेव्हा काका बराच वेळ त्या 24 आकड्याकडं बघत होते.

इथं माझी तक्रार आहे ती लिहितो. कामाच्या आवाजानं ऐकू न येणं हा कायद्याच्या यादीत नोंद करायचा व्यावसायिक आजार आहे. मोठ्या आवाजाच्या कामावर घेतलेल्या माणसाचे कान सुरुवातीला आणि पुढं दर वर्षी तपासायचे, असा नियम आहे. पण हे सगळं कामगारांची ठरावीक संख्या असलेल्या कारखान्यांसाठी. कुपवाडच्या किंवा मिरजेच्या एमआयडीसीतल्या मोठ्या कंपनीत निदान कागदावर तरी डॉक्टर असतो, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड असतं. घरामागच्या चार-सहा-आठ मागांच्या शेडला यातलं काही लागू नाही. आवाज तोच आहे, कदाचित पत्र्यामुळं जास्तच, आणि पाळी चार तासांनी लांब. ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे तोच नियमाच्या बाहेर राहिलाय, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

शेडमध्ये आम्ही काय केलं त्यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड काम इअरप्लगचं निघालं. स्पंजचे प्लग मेडिकलमध्ये थोड्या पैशात मिळतात. पण ते नुसते कानात खोचले तर उपयोग शून्य. प्लग बोटांत वळून अगदी बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागं ओढायची, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटानं दाबून धरायचा. नीट बसला की स्वतःचाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो. हात सुताच्या तेलकट धुळीचे असतील तर आधी धुवायचे, नाहीतर कान पिकतो. पाकिटावर लिहिलेले डेसिबल प्रत्यक्षात मिळत नाहीत. 29 लिहिलं असलं तरी हिशोबाला 11 धरावेत असं सांगतात. म्हणजे आमचे 98 कानात पोचताना 87 होतात. तेही पूर्ण पाळीभर ठेवले तरच. मधेच काढून ठेवले तर सगळी कमाई जाते.

काकांची अडचण वेगळी होती. "माग आजारी पडला की मला आवाजावरनं कळतंय. कान बंद केल्यावर कसं कळायचं?" प्रश्न खरा होता. धोटा पेटीत नीट बसत नसेल तर ठोका बदलतो, आणि तो उडाला तर माणसाचं डोकं फुटतं. आम्ही मुद्दाम एका मागाचा पिकर ढिला करून, समोर कुणाला उभं न करता, काकांना प्लग घालून ऐकायला लावलं. बदललेला ठोका त्यांना कळला. प्लग आवाज खाली आणतो, ठोक्याचा ताल बदलत नाही, त्यामुळं ताल बिघडला की तो कळतो. त्यानंतर त्यांनी प्लग घातले, पण टाळ्या वाजवून नाही. अजूनही उकाड्याच्या दिवसांत चिडतात.

दुसरं काम मागांचं. झिजलेले पिकर आणि पेटीतले बफर बदलले, ढिले नट आवळले, पायांखाली जाड रबरी पट्ट्या घातल्या. जॉबरनं, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्यानं, एक दिवस त्यालाच दिला. छताखाली आवाज शोषणारं काही लावायचं म्हणून एका दुकानदारानं थर्माकोल आणि फोम सुचवला. आम्ही तो घेतला नाही, आणि कुणी घेऊही नये. शेडमध्ये कापसाची बारीक धूळ सगळीकडं बसलेली असते, एका ठिणगीला छत पेटेल. न पेटणाऱ्या रॉकवूलचे, म्हणजे दगडापासून केलेल्या लोकरीसारख्या तंतूंचे तुकडे कापडात शिवून निम्म्या छताला टांगले, बाकीच्याला पैसे पुरले नाहीत. एवढं करून दोन मागांमधला आकडा 98 वरून 94 वर आला. ऐकायला चार डेसिबल म्हणजे काहीच नाही वाटत, पण ताकदीच्या हिशोबात ते निम्म्याहून कमी झालं.

आणि तिसरं, ज्याला जवळपास काहीच खर्च आला नाही. बायकोचं कांड्या भरायचं यंत्र शेडच्या कोपऱ्यातून काढून ओसरीत नेलं. तिला माग चालवायचा नसतो, तरी ती वर्षानुवर्षं 95 डेसिबलमध्ये बसत होती, कारण यंत्र अण्णांनी पहिल्यापासून तिथं ठेवलेलं. आता कांड्या टोपलीतून आत न्याव्या लागतात, एवढाच वाढीव व्याप. झोपायची खोलीही बदलली. पुढची बैठकीची खोली आम्ही झोपायला घेतली आणि शेडलगतच्या खोलीत सुताची पोती आणि तागे ठेवले. पोत्यांची रास भिंतीला लागून असल्यानं मधली खोलीही शांत झाली. पोरं पहाटे उठायला कुरकुर करत नाहीत, हे बायकोच्या पहिल्यांदा लक्षात आलं.

रात्रपाळी बंद करता आली नाही. विजेचं बिल, बँकेचा हप्ता आणि विणलेल्या कापडाच्या मीटरवर ठरलेली मजुरी यांचं गणित एका पाळीत बसत नाही, हे कुठलाही मागवाला सांगेल. दर दोन तासांनी दहा मिनिटं शेडबाहेर बसायचं, एवढं मात्र ठरवलं. कामगाराला पैसे मीटरवर मिळतात, मग तो बाहेर का बसेल? म्हणून त्या वेळेत आम्ही माग एकमेकांकडं सोपवतो आणि बसलेल्याचा मीटर कापत नाही. मालकानं एवढं सोसलं नाही तर बाकीच्या सूचना भिंतीवरच राहतात, असं माझं मत आहे.

बीपीचं मशीन आता ओट्यावर असतं. पाळीच्या मध्यावर बाहेर यायचं, पाच मिनिटं पाठ टेकून, पाय खाली ठेवून बसायचं, न बोलता, आणि मग मोजायचं. पहिल्याच दिवशी काकांचं 168/104 आलं. "मला काय बी होत न्हाय," म्हणाले. होत नाही हे खरंच होतं, बीपी दुखत नाही. त्यांना सरकारी रुग्णालयात नेलं, तिथं तिशीवरच्या लोकांची बीपी-शुगर तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. त्यांची गोळी चालू झाली. रात्रपाळीतल्या एकाचं काठावर निघालं, दुसऱ्याचं चांगलं आहे.

माझी 24 तासांची तपासणी काही महिन्यांनी परत झाली, तशीच, पाळी करत. शेडमधली सरासरी 139/89. झोपेतली 119/69. रात्रीचा आकडा बघून डॉक्टर खूश झाले, दिवसाच्या आकड्यावर नाही. तंबाखू आणि मीठ सुटल्याचा यात किती वाटा आणि आवाज कमी झाल्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. खोली बदलल्याचा परिणाम रात्रीच्या ओळीत दिसतोय, असं मात्र त्यांचं मत पडलं. दिवसाचं अजून मर्यादेच्या वर असल्यानं त्यांनी कमी ताकदीची एक गोळी सुरू केली. प्लग घालतो म्हणून गोळी सोडायची नाही आणि गोळी घेतो म्हणून प्लग काढायचे नाहीत, असं त्यांनी बायकोलाही बोलावून सांगितलं.

गल्लीतल्या तीन-चार मागवाल्यांनी आवाजाचं मीटर मागितलंय. पुतण्याचा मित्र परीक्षा संपली की येणार आहे. मोजण्याआधी त्यांना मी एकच सांगितलंय, की शेडबरोबर शेडलगतच्या खोलीतही रात्री मोजा, आणि त्याच दिवशी पाळीच्या मध्यावर प्रत्येकाचं बीपी घ्या, कांड्या भरणाऱ्या बायकांसकट. आमच्या अण्णांचं अजून राहिलंय. ते सत्तरी ओलांडूनही दिवसातून दोनदा शेडमध्ये फेरी मारतात आणि प्लग म्हटलं की हात झटकतात. परवा काकांनीच त्यांना ओट्यावर बसवून पट्टा लावला. 158/84 आलं. सोमवारी त्यांना घेऊन मिरजेला जायचंय.